एक चक्कर मारून ये

सम्यक सहा महिन्याचा होता तवा आमी पणजीले रायत होतो. गावाकडे हे सांगतलं की बायका पह्यले ईचारतात, समुद्र कसा होता वं. मी म्हणते, मोठा होता. खरं म्हणाल तं समुद्र मी पाह्यला बसच्या खिडकीतून, जाताना अन् येताना, अन् जाताना सम्यक उलटी करून राह्यला होता म्हणून अर्धाच पाह्यला. बाकी वर्षभर मी पाह्यली थे एक खोली, तिच्या मागचं आंगण, आंगणातला नळ, अन् नळावर लोंबणारे नारळ. थे कधी डोक्यात पडतीन ह्या भेवानं मी लेकराचे लंगोट धुतानाबी एक हात डोक्यावर ठेवे. एका हातानं धुतलेले लंगोट कसे निघतात थे सांगाची गरज नाही.

आमचं गाव मारेगावच्या अलीकडे. लग्न झालं तशी मी लोहाऱ्याले आली, तथी सम्यकचे बाबा एमआयडीसीत सुताच्या कंपनीत होते. थे काम सुटलं अन् त्याईच्या मावसभावाचा पणजीहून फोन आला, का इथं एका दुकानात माणूस पायजे, सायकली पुसाच्या, पंचर काढाचे, हवा भराची. दुकान सायकली भाड्यानं देते. आमच्या घरी हे कोणाले पटेच ना. माही आई म्हणे, भाड्याच्या सायकली कवाच्याच बंद पडल्या, आता ज्याच्या घरी खाले नाही त्याच्याबी दारात मोटरसायकल आहे. त्याईनं समजावून सांगतलं का तथी मोठमोठे साहेब लोक कारीतून येतात, कार सावलीत उभी करतात अन् सायकल घेऊन उन्हात फिरतात, घाम यावा म्हणून. आई मंग म्हणे, घामच पायजे तं इकडे धाडून दे जावईबाप्पू, कापूस वेचाचा आहे.

खोली म्हणजे एका जुन्या घराचा मागचा भाग. मधात प्लायची भिंत ठोकून एकाच्या दोन केल्या होत्या. प्लाय अशी का पलीकडे कोणी शिंकलं तं आमचा सम्यक दचके. सकाळी पाववाला सायकलवर येई, त्याच्या भोंग्याले मी पह्यल्या दिवशी बस समजली होती. मंग चर्चची घंटा. मंग वर कौलावर काहीतरी धप्पकन पडे, थे काय होतं मले आजवर समजलं नाही. दुपारी मात्र असा सन्नाटा का बाप्पा रे बाप्पा. तथी दुपारी दुकानं बंद करून सारे झोपतात, दुकानदार, गिऱ्हाईक, कुत्रे, सारे. आमच्याकडे दुपारचा झोपला तं आळशी म्हणतात, तथी त्याले रिवाज म्हणतात.

खाण्याचे मोठे हाल होते. आईनं ज्वारीचं पायलीभर गाठोडं बांधून दिलं होतं. चक्कीवर नेली तं चक्कीवाल्यानं मुठीत घेऊन ईचारलं, पाखराले टाकाची आहे काय. मी म्हटलं हाव, पाखराचीच आहे. त्यानं दळून देल्ली तवा म्हणे, पाखरं पीठ खातात काय. भाकर टाकली का तिचा वास आंगणभर जाय, अन् पलीकडच्या खोलीतून आवाज येई, ज्वारीची हाय काय वो पुन्ना, सुगंध आला. पुन्ना म्हणजे मी.

पलीकडे वंदनाताई राहे. हे आमचं नशीब का काय म्हणा, एवढ्या दूर परमुलखात शेजारीण मिळाली थे उमरखेडकडची, आपल्याच जिल्ह्याची. तिचा नवरा एका हॉटेलात भाजी कापे. तिची पोट्टी स्वरा सम्यकपेक्षा थोडीशी मोठी. पह्यल्या दिवशी गाव ऐकून तिनं माहा हात धरला, म्हणे माय वो, आपलं माणूस भेटलं. मंग तिनं आडनाव ईचारलं. मी सांगतलं. तिनं दारातूनच आमच्या भितीवरचा बुद्धाचा फोटो पाह्यला अन् माहा हात सोडला, जोरात नाही, हळूच, जसा पिकलेला पपया ठेवतात. म्हणे, आमी काही मानत नाही हो असलं, जग कोठी चाललं. त्या दिवसापासून मी नळावर गेली का ती आपली घागर उचलून बाजूले ठेवे. मानत काही नव्हती, फक्त घागर उचले. वाईट बाई नव्हती, हे मी आजबी म्हणीन. दारात उभी राहून घंटाभर बोले. आत कधी आली नाही, कवा म्हणे पोट्टी उठली, कवा म्हणे दूध उतू जाईन.

सम्यक तवा अंगावर प्यायचा, अन् दुसरं काहीच तोंडात घ्यायचा नाही. बाटली तोंडापाशी नेली का मान फिरवे, चमच्यानं देल्लं तं फुर्र करून माह्याच तोंडावर उडवे. झोपेतून उठला का त्याले मी पायजे, त्याच क्षणाले. नाही भेटली तं रडता रडता श्वास धरे, ओठ काळेनिळे पडत. एकदा मी नळावर होती तवा असं झालं होतं, धावत येऊन त्याच्या तोंडावर फुंकलं तवा कुठं त्यानं श्वास घेतला. तवापासून थो झोपला असला का मी त्याच्या पोटावर नजर ठेवून बसे, वर होते, खाली होते. नवव्या वर्गात शाळा सुटलेली पोट्टी मी, लेकराचं पोट कितीदा वर झालं पायजे हे मले कोणी शिकवलं नव्हतं. आता माही भाची बाळंत झाली तं फोनात पाहून सारं करते. मी फोनाले भेत होती, डॉक्टरले भेत होती, नारळाले भेत होती.

आता सायकलीचं सांगते. दुकानात नवीन खूळ निघालं होतं. गाईड द्याचा नाही, फोन द्याचा. सायकलच्या दांडीले फोन अडकवला का त्यात एक बाई बोले, गिऱ्हाईकाले पायजे त्या भाषेत. इथून उजवीकडे वळा, आता थांबा, ह्या घराची अशी कहाणी, आता पुढे चला. असं करत जुन्या वस्तीतून गोल फिरवून दुकानापाशी आणून सोडे. सम्यकच्या बाबाले ह्या बाईचा एवढा अभिमान का जशी त्याईनंच तिले बोलाले शिकवली. रोज घरी येऊन तिची तारीफ. शेवटी एका दुपारी सायकल अन् फोन घेऊन आंगणात उभे. मालक झोपला होता, सारी पणजी झोपली होती.

"एक चक्कर मारून ये," म्हणे. "लोक विमानानं येतात याच्यासाठी. तुले तं येते सायकल."

सायकल येत होती, हे खरं. आठवीत शाळेतून सरकारी सायकल भेटली होती, दुसऱ्या गावच्या शाळेत जायाले. मी तिच्यावर कापसाच्या पऱ्हाटीच्या मधातून पायवाटेनं जाय, कोणी आडवं आलं तं घंटी न वाजवता तोंडानं ओरडे, कारण घंटी माह्या भावानं काढून नेली होती. नववीत माही शाळा बंद झाली अन् सायकल भावाले गेली, घंटी आधीच त्याच्याजवळ होती, थे बरंच झालं. म्हणून सायकल म्हटलं का माह्या पायात काहीतरी हाले. पण सम्यक नुकताच पिऊन झोपला होता. मी म्हटलं, उठला तं? त्याईनं म्हटलं, तो घंटाभर उठत नाही, अन् हे पाव घंट्याचं काम आहे, मी बसतो न त्याच्यापाशी, बाप आहे मी त्याचा. मी म्हटलं, बाप आहे, पण दूध नाही. ते हासले. मी त्याईले तीनतीनदा सांगतलं, पोटावर नजर ठेवजा, श्वास धरला तं फुंकजा. डोक्यावर सायकलसोबतचा दुकानाचा टोप घातला, ओढणी कमरेले गाठ मारून बांधली, अन् निघाली.

खरं सांगते, पह्यले लय मजा आली. रस्त्यावर चिटपाखरू नाही. सायकल अशी का पायडलवर पाय ठेवला तं आपोआप जाय, सरकारी सायकलीसारखी कुरकुर नाही. घरं एकेक पिवळं, लाल, गुलाबी, जसे बांगड्याच्या दुकानातले डब्बे. लहान लहान गॅलऱ्या, कुंड्या, भितीवर चिनीमातीचे कोंबडे. फोनातली बाई हिंदीत बोले, आवाज असा गोड का मले वाटलं ही बाई जलमात कोणावर खेकसली नसंल. म्हणे, रुकिए, और इस खिड़की को ध्यान से देखिए. मी थांबून खिडकी पाहे. खिडकीत एक मांजर माह्याकडे पाहे. लग्न झाल्यापासून पह्यल्यांदा मले कोणीतरी सांगत होतं का थांब, पाह्य, घाई नाही. तेवढ्यात एका पायरीवर झोपलेला कुत्रा उठला.

भुकलाबी नाही थो. नुसता उठला, अन् अंग ताणलं. पण मी पायडल मारली थे मारलीच. उतार होता. समोर जी गल्ली दिसली तिच्यात घुसली, मंग दुसरी, मंग तिसरी. बाई मागून म्हणे, बाएँ मुड़िए. तवर डावं निघून गेलं होतं. मंग म्हणे, आपके दाहिनी ओर एक बड़े डॉक्टर साहब का घर है. माह्या उजव्या हाताले कचऱ्याचा डब्बा होता. मी एका खड्ड्यात आदळली, फोन धापकन खाली पडला, अन् डॉक्टर साहेब अर्ध्या गोष्टीतच मेले. फोन काळा. किती बटनं दाबली, काळाच.

तथी मी उभी राह्यली अन् तेवढ्यात माहा पान्हा फुटला. ज्यायनं लेकरू अंगावर पाजलं त्यायले सांगा लागत नाही. लेकराची वेळ झाली का छातीत मुंग्या येतात अन् दूध आपोआप येते, लेकरू कोठी का असेना. आमची आजी म्हणे, इकडे पान्हा फुटला म्हणजे तिकडे लेकरू उठलं समज. म्हणजे सम्यक उठला. म्हणजे रडून राह्यला. म्हणजे श्वास धरला असंल. कुर्ता दोन्ही बाजूनं भिजला, मी ओढणी सोडून समोर घेतली, अन् सायकल हातात धरून पळत सुटली. सायकलवर बसून लवकर जाता येते हे मले आठवलंच नाही. ईचारावं कोणाले? दारं लावलेले, पडदे ओढलेले. अन् ईचारावं तरी काय? आमच्याकडे कोणाचं नाव घेतलं का गाव घरापाशी आणून सोडते. मले पत्ता येत नव्हता, येत होतं फक्त, आंगणात नळ आहे अन् वर नारळ आहे. तथी तं साऱ्याच आंगणात नळ अन् साऱ्याच नळावर नारळ.

अन् मंग मी कोपऱ्यावर वळली तं समोर निळी गल्ली. लागून लागून तीन घरं निळे. फिक्कट नाही, चांगले ठसठशीत निळे, भिती निळ्या, दरवाजाबी निळा. माह्या डोळ्यात पाणीच आलं. आमच्या यवतमाळ जिल्ह्यात कोण्याही गावात रात्री-बेरात्री उतरा, निळी कमान नाहीतं निळा झेंडा दिसला का पाय मोकळे सोडाचे, आपली वस्ती आली, पाणीबी भेटते अन् रस्ताबी. मी म्हटलं, पाहा, इथंबी आपले लोक आहेत अन् कोणी मले सांगतलंबी नाही, कोणी सांगतलं असतं तं इथंच खोली केली असती. मी टोप काढला, केस नीट केले, दार वाजवलं. एका म्हातारीनं दार उघडलं. अंगात फुलाफुलाचा फ्रॉक, गळ्यात क्रूस. माह्या तोंडातून तोवर निघून गेलं होतं.

"जयभीम, आजी."

तिनं मले पायापासून डोक्यापर्यंत पाह्यलं. हिंदीत म्हणे, काम नाही आहे, आमच्याकडे बाई आहे. अन् दार लावाले लागली. मी दाराले हात लावला, म्हटलं, काम नाही पायजे, रस्ता पायजे, मेरा बच्चा. आता तिची नजर माह्या ओढणीवर गेली, ओढणीबी ओली झाली होती. ती थांबली. एकदम आवाज बदलला तिचा.

"बच्चा किधर है?"

"घर पे."

"घर किधर है?"

"वही तो नहीं मालूम," मी म्हटलं.

तिनं आतून एक कोरडा टावेल आणून माह्या हातात देल्ला, पायरीवर बसवलं, पाणी देल्लं. पाणी पेता पेता मी भितीवर हात फिरवला अन् ईचारलं, हा निळा रंग? म्हणे, पोट्टा बोटीवर काम करते, बोटीचा रंग उरला होता, मंग शेजाऱ्यायलेबी देल्ला. दुकानाचं ईचारलं तं तिनं हात लांब करून सांगतलं, खाली जा, मंग वर जा, मंग खाली जा. मी हाव हाव म्हटलं. पह्यल्या खालीच्या पुढचं मले काहीच समजलं नाही, पण तिले पुन्हा ईचारू कशी, ती टावेल वापस मागंल ह्याचंबी भेव होतं.

खाली गेली तं मले तिचा आवाज आला. म्हातारीचा नाही, फोनातल्या बाईचा. रुकिए, और ऊपर देखिए. मी वर पाह्यलं, काहीच नव्हतं. मंग समजलं का आवाज पुढच्या वळणावरून येते. धावत गेली तं एक जोडपं, दोघं नवरा-बायको, आमच्याच दुकानाच्या सायकली, डोक्यावर आमच्याच दुकानाचे टोप. बोलण्यावरून पुण्याकडचे. मी म्हटलं, झालं, ही बाई ह्यायले शेवटी दुकानापाशीच नेणार, आपण फक्त ह्यायचा माग सोडाचा नाही. ईचारलं असतं तं त्यायनं सांगतलंबी असतं. पण पुण्याच्या माणसाले भिजलेल्या कुर्त्यात काय ईचारू अन् कसं ईचारू. मी टावेल छातीशी धरून, एका हातानं सायकल चालवत, त्यायच्या मागं मागं.

थे थांबले का मी थांबे. थे निघाले का मी निघे. त्या पुणेवालीनं दोनदा मागं पाह्यलं अन् आपली पर्स पोटाशी घेतली. नवऱ्याले म्हणाली, बघू नकोस, ती आपल्या मागे येतेय. नवऱ्यानं लगेच पाह्यलं. त्यायनं सायकल पळवली, मीबी पळवली. इकडे माहं लेकरू काळंनिळं पडून राह्यलं असंल अन् इकडे फोनातली बाई आपल्या गोड आवाजात म्हणे, अब यहाँ थोड़ा विश्राम कीजिए. अन् थे पळता पळता खरंच थांबले. भेव वाटत होतं तरी थांबले, पैसे भरले होते न. एका पिवळ्या घराची तिनं एवढी मोठी गोष्ट सांगतली, कोणी घर बांधलं, त्याच्या बायकोनं पियानो कसा आणला, तो पियानो दारातून कसा जाईना. मी दातओठ खात ऐकत होती. आजबी थे सारं मले पाठ आहे, शाळेतलं एकबी पान पाठ नाही.

पियानो आत गेला तसा पुण्याचा माणूस सायकल आडवी लावून माह्यासमोर उभा राह्यला. काय हवंय तुम्हाला, असं त्यानं मोठ्या आवाजात ईचारलं, पण आवाज थोडा थरथरत होता. म्हणजे तोबी माह्यासारखाच. मले जलमात पह्यल्यांदा कोणी भेलं होतं.

"मले तुमचं काही नोको, भाऊ," मी म्हटलं. "मी तुमच्या फोनातल्या बाईच्या मागं येऊन राह्यली. लवकर चाला ना, माहं लेकरू उपाशी आहे."

त्या बाईनं माह्या हातातला टावेल पाह्यला अन् तिले समजलं. नवऱ्याले काहीच समजलं नाही, थो म्हणे, पण अजून दोन ठिकाणं राहिली आहेत. ती म्हणाली, राहू देत. तरी एका ठिकाणापाशी तिनं पटकन फोटो काढला, एकच, मी बाजूले झाली म्हणजे फोटोत येऊ नाही. ती म्हणाली, नाही, तुम्ही थांबा तिथंच, छान दिसतंय, सायकलसकट. तवा पुण्यात कोणाच्या तरी घरी, रंगीत घरासमोर सायकल धरून उभी असलेली तिथलीच एक बाई म्हणून मी आहे.

दुकान आलं तशी मले गल्ली ओळखू आली अन् मी त्यायले रामरामबी न करता पळाली. आंगणाच्या तोंडाशी पोचली तं मी रडण्याचा आवाज ऐकाले कान लावला. रडणं आलं असतं तं मले बरं वाटलं असतं. काहीच आवाज नव्हता. सायकल तथीच पडली, चाक फिरत राह्यलं. नळापाशी सम्यकचे बाबा भितीकडे तोंड करून उभे होते, शाळेत मास्तरनं उभं करावं तसे, हातात वाटी अन् चमचा, शर्ट सारा दुधाच्या पावडरीनं माखलेला. मी ईचारलं, सम्यक? त्याईनं वंदनाताईच्या खोलीकडे बोट दाखवलं, अन् पुन्हा भितीकडे तोंड केलं.

वंदनाताईचं दार लोटलेलं होतं. मी ढकललं. ती खाली चटईवर बसली होती, पदर पुढून घेतलेला, अन् पदराच्या खालून सम्यकचे दोन पाय बाहेर आलते. पाय हलत होते, हळू हळू, थो पोटभर पेतो तवा हलतात तसे. मी चौकटीले धरून उभी राह्यली. तिनं माह्याकडे पाह्यलं नाही, पदराकडे पाहत बोलली.

"श्वास धरला होता त्यानं. भाऊजी नुसते ओरडत होते. मंग मी काय पाहात बसू?"

तिची स्वरा बाजूले पडली होती, आपली मायची जागा दुसऱ्यानं घेतली म्हणून लाल होऊन रडून राह्यली होती. अन् माहा कुर्ता तं गळतच होता. तवा मी ईचार केला नाही, हात आपोआप गेले. मी खाली बसली अन् स्वराले उचलाले दोन्ही हात पुढे केले.

"राहू दे," वंदनाताई एकदम म्हणाली. मंग जरा हळू, "राहू दे वो, तिले मी पाजते. तुले कायले तरास."

माहे हात तसेच राह्यले. मी थे मागं घेतले, ओढणी सारखी केली. तिनं सम्यकले सोडवलं, पदरानं त्याचं तोंड पुसलं, अन् माह्या मांडीवर देल्लं. झोपला होता. ओठावर तिचं दूध. मी त्याले घेऊन आपल्या खोलीत आली, निजवलं, त्याच्या पोटाकडे पाह्यलं, वर होते, खाली होते. मंग मोरीत जाऊन बसली अन् दूध पिळून टाकाले लागली, कारण छाती दगड झाली होती. पांढरं पाणी मोरीतून जाय, वाया. प्लायच्या पलीकडे स्वरा रडे. तिची माय तिले पाजून राह्यली होती, पण असंल काय, एका लेकरापुरतंच दूध, थे तं माह्या लेकरानं पेऊन टाकलेलं. पोट्टी थोडी चूप होय, ओढून पाहे, अन् पुन्हा रडे. मले सारं ऐकू येई. मी पिळणं थांबवलं. नुसती बसली, दोन्ही हात मांडीवर ठेवून. पलीकडे वंदनाताई अंगाई म्हणे, मंग ओरडे, मंग पुन्हा अंगाई म्हणे. भाताचं पाणी देऊन पाह्यलं असंल, वाटी पडल्याचा आवाज आला.

मंग पलीकडचं दार वाजलं. पावलं आली अन् आमच्या दारात थांबली. किती वेळ थांबली थे मले सांगता येत नाही, स्वरा तेवढी रडत होती म्हणून समजे का अजून आहे. मी मोरीतून बाहेर आली. वंदनाताई पोट्टीले खांद्यावर घेऊन उभी होती, केस सुटलेले, डोळे लाल. पह्यले तिनं आंगणात दोन्हीकडे पाह्यलं. मंग आत आली अन् आपल्याच हातानं दार लावून घेतलं.

"खिडकीबी लाव," म्हणाली.

मी खिडकी लावली. तिनं स्वराले माह्याकडे देल्लं, देतानाबी जरासं धरून ठेवलं, मंग सोडलं. पोट्टीनं पाह्यलंबी नाही कोण आहे, एकदम तुटून पडली, दोन्ही मुठीनं माही ओढणी धरली. खोलीत तिच्या घोटाचा आवाज, दुसरा कोणताच नाही. वंदनाताई सम्यकच्या बाजूले बसली अन् त्याच्या अंगावरचं पांघरूण सारखं केलं, काही करा लागते म्हणून. माह्याकडे न पाहता म्हणे, "गावाकडे कोणाले सांगजो नोको." मी म्हटलं, माह्या घरीबी ऐकतीन तं मलेच बोलतीन का गेली होती कोठी लेकराले सोडून. ती हासली. मीबी हासली. पोट्टी हासण्यानं दचकली तशा आमी चूप झालो.

बाहेर उन्हात सम्यकचे बाबा उभे होते, एका खोलीतून भायेर काढलेले अन् आता दुसरीचंबी दार लागलेलं. त्याईनं बोटानं हळूच दार वाजवलं.

"मी येऊ काय आता अंदर?"

आमी दोघीबी एकदमच म्हटलं, थांबा.